एका ताटातले अकरा घास

नळाला गढूळ पाणी यायला लागलं की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही. मागच्या आठवड्यात सकाळी बादली भरली तर तिचा तळच दिसेना. धरणातून पाणी सोडलंय, गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत आलंय, असं वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी जिना चढता चढता जाहीर केलं. आवाज असा, की मारुती त्यांच्या घरचाच. अशा दिवशी नाशिक पूर बघायला नदीवर जातं. मी घरातल्या घरात टॉवेलांचे वास घेत फिरते. कोणी पाहिलं तर म्हणेल, बाईंना काहीतरी झालंय. झालंयच मुळी, पण त्याला आता चार वर्षं झाली.

नाशिक रोडला माझं पाळणाघर आहे. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, पुढे जाळीचं दार, दाराशी वीतभर चपलांची रांग. कोणाची आई नोटांच्या प्रेसमध्ये, कोणाचे वडील रेल्वेत, कोणी रोज गंगापूर रोडच्या कॉलेजात शिकवायला जातं. सकाळी पोरं येतात ती रडत आणि संध्याकाळी जातात तीही रडत. त्या दुसऱ्या रडण्याचा मला फार अभिमान होता. घरी जायला रडतंय म्हणजे काकूंकडे जीव रमतो, असं आया म्हणायच्या आणि मी ‘छे हो’ म्हणत पुरतं ऐकून घ्यायची. माझ्या जोडीला हसीना आहे. देवळालीगावातून चालत येते, चाळिशीची, बोलणं कमी आणि हाताला उरक. आम्हा दोघींत कामाची वाटणी अशी नव्हती. जिचे हात मोकळे ती पुढे व्हायची.

पावसाळ्यातल्या या दिवसांना एक वास असतो. अर्धवट वाळलेल्या लंगोटांचा, फिनेलचा, कोपऱ्यात ठेवलेल्या पिकल्या पेरूंचा. घरात दोऱ्या बांधून बांधून आम्ही वाकूनच चालत असतो. ऊन पडलं की हसीना ओरडते, ‘काकू, धूप आली!’ आणि आम्ही दोघी चाळीस लंगोट घेऊन बाहेर धावतो, तेवढ्यात ते ढगात गेलेलं असतं. माश्या तर इतक्या चिकट होतात की हाकलून हात दुखतो, त्या तिथेच. लादी पुसली तरी ओलीच राहते. त्या ओल्या लादीवर पोरं रांगतात, लाकडी ठोकळा उचलतात, तोंडात घालतात, दुसऱ्याला देतात, तोही तोंडात घालतो. मी हे वर्षानुवर्षं कौतुकानं बघत आले. किती वाटून खेळतात, म्हणायची.

आणि दुपारचं जेवण. माझी सगळी कीर्ती त्या जेवणावर उभी होती. एक मोठं ताट, त्यात ऊन ऊन वरणभात, वर तूप, मीठ, लिंबाचे दोन थेंब. मी मांडी घालून बसायची, समोर अकरा पोरं अर्धगोल करून. हातानं मऊ कालवायचं आणि एकेकाच्या तोंडात घास द्यायचा. पहिल्यापासून अकराव्यापर्यंत, पुन्हा पहिल्यापासून. घरी तोंड घट्ट मिटून बसणारं पोरही इथे शेजारच्याचा घास बघून आ करायचं. चमचा मला कधी पटला नाही. चमच्यानं औषध देतात, असं मी म्हणायची. नव्या आईला मी मुद्दाम दुपारी बोलवायची, तिनं ते ताट बघावं म्हणून.

मनीषा तशीच आली होती. सासर कळवणचं, नवरा आणि ती इथे भाड्याच्या घरात, दोघांचीही नोकरी. गंगापूर रोडच्या एका कॉलेजात ती कॉम्प्युटर शिकवायची. जुई तेव्हा वर्षाची होती. दाराशी उभी राहून मनीषानं अकरा घासांची एक फेरी पाहिली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘काकू, मला घाईत असं कधी भरवता येत नाही हो,’ म्हणाली. मी तिच्या पाठीवर हात फिरवला. उजवाच हात, धुतलेला.

त्या वर्षी तोंडावरचे मास्क नुकतेच उतरले होते. दोन वर्षं सगळ्यांनी हात धुऊन धुऊन सोलून घेतले होते आणि आता सगळ्यांनाच त्याचा वीट आला होता. दाराला सुतळीनं बांधलेली सॅनिटायझरची बाटली तेवढी राहिली होती. ती मला फार सोयीची वाटायची. बेसिनपर्यंत जायला नको. लंगोट बदलला, दोन थेंब चोळले, झालं काम. बेसिनपाशी एक नॅपकिन खिळ्याला लटकवलेला असायचा, निळ्या काठाचा. अकरा पोरांची तोंडं, अकरा पोरांचे हात आणि आम्हा दोघींचे हात त्यालाच पुसले जायचे. संध्याकाळपर्यंत तो जड व्हायचा. रोज धुवायचा हो, अगदी रोज.

अशाच गढूळ पाण्याच्या दिवसांत एका सोमवारी शौर्य आला. दहा महिन्यांचा, गोलमटोल. त्याची आई पायातला बूट न काढता दारातूनच म्हणाली, ‘काकू, जरा पातळ होतंय त्याला. दात येतायत. मला आज सुट्टी नाही मिळणार, प्लीज.’ मी त्याची हिरडी बोटानं चाचपली. खरंच टणक लागली. ‘दातच आहेत. दात येताना होतंच,’ मी म्हटलं. मला चार मुलं ठाऊक होती ज्यांना दात येताना जुलाब झाले होते. दात न येता झालेली चाळीस मी विसरले होते.

दिवसभरात शौर्यचे सहा लंगोट झाले. चौथ्याच्या वेळी हसीना म्हणाली, ‘काकू, हे मला द्या. तुम्ही खाने का देखो. एकीनंच दोन्ही नको करायला.’ तिच्या सासूचा म्हणे घरात नियमच होता, बाळाचं आवरणाऱ्या बाईनं त्या वेळेला पीठ मळायचं नाही. मी हसले. ‘अगं, लेकराची घाण ती काय घाण असते?’ असं म्हणून शौर्यला पुसलं, पावडर लावली, नवा लंगोट बांधला, बाटलीचे दोन थेंब चोळले, नॅपकिनला हात पुसला आणि ताटाशी जाऊन बसले. तो क्षण मला आजही उन्हात बघितल्यासारखा स्पष्ट दिसतो. ताटातून वाफ निघतेय, जुई सगळ्यांत पुढे, दोन्ही हात मांडीवर आपटून आ करतेय. पहिला घास मी तिलाच दिला.

बुधवारी दोघांना उलट्या-जुलाब सुरू झाले, त्यांतली एक जुई. गुरुवारी आणखी तिघांना जुलाब. कॉलनीत एकच बोलणं, पाण्याचं. पाणी गढूळ आहे, पाइप फुटलाय, तक्रार करायला पाहिजे. मीही तेच बोलायला लागले, जरा जोरातच. मोठं पातेलं गॅसवर चढवलं, पाणी खळखळ उकळलं, गार केलं, फडक्यातून गाळलं, पुन्हा उकळलं. हात पोळला. एवढं केल्यावर मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं. मग त्याच पोळलेल्या हातानं उरलेल्या पोरांना भरवलं.

शुक्रवारी जुईला दवाखान्यात ठेवलं. गुरुवारी संध्याकाळी मनीषा तिला न्यायला आली तेव्हाच ती मान टाकून होती. रडत होती, पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं. दुपारपासून लंगोट कोरडा होता आणि मी मूर्खासारखी हसीनाला म्हणाले होते, ‘बघ, जुलाब थांबले वाटतं.’ सकाळी मनीषाचा फोन आला. सलाइन लावलंय, शीर सापडत नव्हती, तीन ठिकाणी टोचलं. हसीनानं न विचारता जाळीच्या दाराला कुलूप लावलं.

शनिवारी मी कॉलनीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. माझी बहुतेक पोरं त्यांच्याचकडे जायची. मी गेले होते ती खरं तर पाण्याची तक्रार करायला, त्यांनीही सही द्यावी म्हणून. त्यांनी कागद बाजूला ठेवला.

‘काकू, तुमच्या बिल्डिंगमध्ये मोठ्या माणसांना कोणाला त्रास झाला?’

‘नाही.’

‘बाकीच्या घरांतल्या मुलांना?’

‘नाही बहुतेक.’

‘पाणी तर सगळ्यांना तेच येतं ना?’

त्या पेनाचं टोपण उघडझाप करत होत्या. मग म्हणाल्या, ‘लंगोट कोण बदलतं तुमच्याकडे?’

‘मी. हसीनाही बदलते, पण जास्त करून मीच.’

‘आणि भात कोण कालवतं?’

मी अडखळत सॅनिटायझरचं सांगितलं तर त्यांनी मान हलवली. ‘असल्या जुलाबाला ते पुरत नाही, काकू. साबण, वाहतं पाणी आणि घासणं, नखांपर्यंत. आणि प्रत्येकाचं पुसायचं वेगळं.’ रागावल्या नाहीत त्या. रागावल्या असत्या तर मी भांडले तरी असते.

घरी येताना मी हात पदराखाली धरून चालले. रस्त्यावर ओळखीचं कोणी भेटू नये असं वाटत होतं. वीस वर्षं ज्या हाताचं कौतुक ऐकलं तोच हा. माया असली की हात आपोआप स्वच्छ असतात, असं मी धरून चालले होते. बाईच्या जातीला हे कोणी शिकवत नाही, ते उपजतच असतं, असंही. आपल्या पोराचं आवरून तसंच पोळपाटाशी बसलेल्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या. एका घरात एक पोर असतं तेव्हा ते खपूनही जातं. माझ्याकडे अकरा घरांची पोरं होती आणि मी त्यांना एकाच ताटात बसवलं होतं.

रविवारी दवाखान्यात गेले ती सांगायचं ठरवूनच. जिन्यात वाक्य जुळवून ठेवलं होतं. जुई झोपली होती, सलाइनच्या हाताला लाकडी पट्टी बांधलेली, ओठ जरा ओलावलेले. धोका टळला होता. खाटेच्या पायथ्याशी मनीषाच्या सासूबाई बसल्या होत्या, पहाटेच्या गाडीनं कळवणहून आलेल्या. मी आत पाऊल टाकलं तेव्हा त्या मनीषालाच बोलत होत्या.

‘दुधाच्या बाटल्या निस्त्या पाण्यात बुचकाळायच्या आन पळायचं कामाला. मंग पोर आजारी नाय पडणार तर काय! मी काय म्हनत व्हते? लेकरू लहान हे, नोकरी कुठं पळून जाती का?’

मनीषा खाली बघत होती. तिचा नवरा खिडकीतून बाहेर बघत उभा होता. आजींनी मला पाहिलं आणि आवाज एकदम मऊ केला. ‘या बाई, बसा. मनीषा सांगती, तुमी सोत्ताच्या हातानं भरवता पोरांना. लय पुण्याचं काम हे. आजकाल कोन करतंय?’

तेव्हा बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. माझे दोन्ही हात पदराखाली होते. मी म्हणाले, ‘बरी होईल हो लवकर,’ आणि आणलेली शहाळी टेबलावर ठेवली. पाळणाघर बंद पडेल, अकरा घरांत माझं नाव निघेल, एवढंच त्या घटकेला डोळ्यांपुढे आलं. मनीषानं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असणार, काकू तरी तिची बाजू घेतील.

जुई परत आली नाही. बरी झाल्यावर आजी तिला कळवणला घेऊन गेल्या आणि वर्षभर ठेवून घेतलं. मनीषा दर शनिवारी एसटीनं जायची आणि रविवारी रात्री यायची. कधी स्टँडवर दिसली तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जायची.

मग मी पाळणाघराचा कायापालटच केला. पोरांच्या उंचीला एक बेसिन बसवून घेतलं. जेवणाआधी आणि शीनंतर साबणानं हात धुवायचे, वीस आकडे मोजेपर्यंत, आणि ज्याला आकडे येत नाहीत त्याच्यासाठी हसीना मोजते, तिचं ‘सोलह, सत्रह’ ऐकून अर्धी पोरं हिंदीतच शिकली. बाळांचं आवरायची जागा मोरीजवळ, स्वयंपाकघरापासून लांब, तिथली चटई दर वेळी ब्लीचच्या पाण्यानं पुसायची. जी लंगोट बघेल ती त्या दिवशी अन्नाला हात लावणार नाही. हसीनाच्या सासूचाच नियम, फक्त आता चार वर्षं मी तो माझाच असल्यासारखा फार शहाणपणानं सांगते. जुलाब थांबल्यावर दोन दिवस होऊन जाईपर्यंत पोर आणायचं नाही. या एका नियमावरून दाराशी जेवढी भांडणं झाली तेवढी माझ्या उभ्या आयुष्यात झाली नव्हती. ‘मग सुट्टी तुम्ही देणार का?’ असं एका बापानं विचारलं. त्याचं काही चुकत नव्हतं. मीही जाळी धरून उभी राहिले, कारण मला शौर्यचे ते दात आठवत होते. दोन घरं सोडून गेली. माझा मुलगा पुण्याहून फोनवर हसतो, ‘आई, तू पोरं सांभाळतेस की ऑपरेशनं करतेस?’

आणि वाट्या. भांड्यांच्या दुकानातून अकरा स्टीलच्या वाट्या, अकरा चमचे आणले आणि प्रत्येकावर नाव घालून घेतलं, जसं लग्नात दिलेल्या भांड्यांवर घालतात. दुकानदार म्हणाला, ‘बाई, एवढ्या पोरांची बारशी एकदम?’ यादीत मी जुईचंही नाव दिलं होतं. येईल असं वाटलं होतं. दुपारी आता खोलीभर चमच्यांचा खणखणाट असतो. अर्धं सांडतं, केसांत जातं. चमच्यात माया मावत नाही असं मी म्हणायची. मावते, आपल्याला जाणवते जरा कमी, एवढंच. दर पावसाळ्यात नळ गढूळला की मी जुईची वाटी फळीवरून काढते, घासते आणि पुन्हा फळीवर ठेवते.

गेल्या रविवारी मनीषा आली. धाकटा कडेवर, मल्हार, दहा महिन्यांचा. जुई आता शाळेत जाते, चित्रं काढते, आजीसारखी ठसक्यात बोलते, असं सांगत होती. मग म्हणाली, ‘काकू, याला पण तुमच्या हातानेच भरवा हं. मी सगळ्यांना सांगते, आमच्या काकूंसारखं कोणी नाही.’

मी फळीवरून जुईची वाटी काढून तिच्यासमोर ठेवली. ‘मनीषा, जुईला ते माझ्या हातून लागलं होतं.’

आधी ती हसली, तिला कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. शौर्यचे दात, नॅपकिन, बाटलीचे दोन थेंब, डॉक्टरीणबाईंचे दोन प्रश्न.

‘तुम्हाला कधी कळलं हे?’

‘शनिवारी.’

‘म्हणजे रविवारी दवाखान्यात आलात तेव्हा माहीत होतं.’

‘हो.’

‘आई मला बोलत होत्या तेव्हा.’

‘हो गं.’

ती मल्हारच्या पायातला मोजा ओढत बसली. ‘मी अजून बाटल्या दोनदा उकळते, काकू,’ ती म्हणाली. ‘दोनदा उकळून पुन्हा वास घेते. चार वर्षं मला वाटतंय की माझंच काहीतरी राहिलं होतं. ती धावायला लागली ते मी फोनवर पाहिलं.’ तिचा आवाज चढला नाही. मला वाटलं, चढावा. ‘मी भ्याले,’ एवढंच म्हटलं, आणि ते खरं होतं.

मल्हारनं वाटी उचलून तोंडात घातली. मनीषानं ती काढून घेतली, बेसिनशी गेली, साबणानं धुतली. नळ बराच वेळ चालू होता. परत आली ती बसली नाही.

‘पुढच्या सोमवारपासून आणते याला,’ म्हणाली. ‘एका वाटीवर याचं नाव घालून ठेवा. आणि चमच्यानेच भरवा.’ मी मान हलवली. ती दाराशी थांबली. ‘पण आधी येत्या रविवारी माझ्यासोबत कळवणला यायचं. आईंना हे तुमच्या तोंडून ऐकू दे.’

तो रविवार उद्या आहे. गाडी सकाळी सातची. पाणी अजून गढूळच येतंय. आज सकाळपासून मी तीनदा पिशवी भरली आणि तीनदा रिकामी केली. जुईची वाटी आत आहे. आजींसमोर काय बोलायचं ते मनात दहादा म्हणून पाहिलं. वाक्य साधं आहे, दवाखान्याच्या जिन्यात जुळवलेलंच. फक्त ते म्हणायला लागले की माझे हात आपोआप पदराखाली जातात. उद्या बोलताना ते बाहेर ठेवायचे, एवढं ठरवलंय.